टर्मिनलवरचा शब्दकोश: नेट नसताना मराठी-इंग्रजी शब्द कसे शोधावेत

ताई, तुमचा प्रश्न इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात मांडतो. देवगड तालुक्यातल्या एका गावात तुम्ही वाचनालय सांभाळता. तिथे लिनक्सचा एक जुना लॅपटॉप आहे, ब्राउझर उघडला की तो गुदमरतो. पावसाळ्यात नेटचा भरवसा नाही. शाळेची मुलं इंग्रजी शब्द विचारायला येतात आणि तुम्ही स्वतः मच्छीमार सोसायटीसाठी इंग्रजी माहितीपत्रकं मराठीत आणता. तुम्हाला टर्मिनलमधून चालणारे शब्दकोश हवेत, मराठी धरून, आणि गावचे शब्दही त्यात घालता आले पाहिजेत.

हे सगळं होतं, आणि फुकट होतं. एसडीसीव्ही नावाचा छोटा प्रोग्राम बसवा, स्टारडिक्ट या स्वरूपातले कोश त्याला द्या आणि गावच्या शब्दांची एक साधी टेक्स्ट फाईल ठेवून तिचाही कोश करून घ्या. प्रोग्राम बसवायला दहा मिनिटं लागतील. खरा वेळ मराठी कोशांच्या जुन्या-नव्या लेखनाचा मेळ घालण्यात जाईल. तो घातला नाही तर कोश मशीनवर असूनही शब्द सापडणार नाहीत आणि चार दिवसांनी तुम्ही तो उघडणं सोडून द्याल. म्हणून मी त्याच भागावर जास्त लिहिणार आहे.

आज्ञा, फायलींची नावं आणि शोधायचे इंग्रजी शब्द मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. कीबोर्डवर ती लहान रोमन अक्षरांत टंकायची. एसडीसीव्ही म्हणजे एस, डी, सी, व्ही ही चार अक्षरं, आणि '-एन' म्हणजे उणे चिन्ह आणि लगेच एन.

लिनक्सचा प्रकार डेबियन, उबुंटू किंवा मिंट असेल तर एसडीसीव्ही प्रोग्राम बसवायच्या नेहमीच्या अ‍ॅप्टमधूनच येतं. ते स्टारडिक्टचं टर्मिनलवर चालणारं रूप आहे, त्याला खिडकी नाही, आयकॉन नाही. तुमच्या लॅपटॉपला जमेल का, अशी शंका मनात आणू नका. कोश संपूर्ण मेमरीत न घेता ते फक्त लागणारा तुकडा उघडतं.

स्टारडिक्टचा एक कोश म्हणजे एका फोल्डरमधल्या तीन फायली. आयएफओ या शेपटीच्या फायलीत कोशाचं नाव, शब्दसंख्या अशी माहिती असते, ती कुठल्याही एडिटरमध्ये वाचता येते. आयडीएक्स ही शब्दांची अनुक्रमणिका. तिसरी डिक्ट, म्हणजे खरा मजकूर, आणि ती बहुतेक वेळा डिक्टझिपने आवळलेली असते, म्हणून तिच्या शेवटी डीझेड दिसतं. समानार्थी किंवा पर्यायी शिर्षशब्दांसाठी (शिर्षशब्द म्हणजे ज्याच्या नावाने कोशात नोंद असते तो शब्द) एसवायएन अशी चौथी फाईल कधी असते, कधी नसते. तिचं महत्त्व पुढे येईल. हे फोल्डर तुमच्या होम फोल्डरमध्ये '.स्टारडिक्ट' आणि त्यात 'डिक' असं फोल्डर करून तिथे ठेवा. सुरुवातीचा टिंब विसरू नका. सगळ्या वापरकर्त्यांना हवं असेल तर यूएसआर, शेअर, स्टारडिक्ट, डिक या वाटेवर ठेवा. मग 'एसडीसीव्ही -एल' दिलंत की कोशांची यादी आणि प्रत्येकातली शब्दसंख्या दिसते. यादीत कोश आला नाही तर नव्वद टक्के वेळा फोल्डर चुकीच्या जागी असतो, नाहीतर तीनपैकी एक फाईल राहिलेली असते.

आता शोध. नुसतं 'एसडीसीव्ही' दिलंत तर ते शब्द विचारत राहतं, एकामागून एक शब्द टाकत जायचं. मुलांसाठी हेच बरं. लिहिता लिहिता एखादा शब्द बघायचा असेल तर '-एन' द्या, म्हणजे ते काही न विचारता उत्तर छापून मोकळं होतं. '-यू' आणि पुढे कोशाचं नाव दिलं की त्याच कोशात शोधतं. '-ई' दिलं की तंतोतंत तोच शब्द, आसपासचे नाहीत. ही '-ई' लक्षात ठेवा, कारण शब्द सापडला नाही तर एसडीसीव्ही आपणहून जवळपास दिसणारे शब्द पुढे करतं आणि घाईत चुकीच्या शब्दाचा अर्थ उचलला जातो.

शोधशब्दाच्या आधी तिरपी रेघ दिली तर ढोबळ शोध होतो, म्हणजे एखाददुसरं अक्षर इकडेतिकडे असलेले शब्दही येतात. इंग्रजी स्पेलिंग नीट न येणाऱ्या मुलाला हे शिकवा. तारकाचिन्ह म्हणजे 'इथे काहीही चालेल'. मराठीत याचा उपयोग फार आहे, कारण मजकुरात शब्द विभक्तीसह येतो आणि कोशात मूळ रूपात असतो. 'समुद्राच्या' शोधून काही मिळणार नाही, 'समुद्र' आणि पुढे तारका दिली की मिळेल. सामान्यरूपात शब्दाचा शेवट बदलतो, म्हणून तारका एक अक्षर आधीच टाकायची सवय लावा.

आणि उभी रेघ. अनुवाद करणाऱ्याला या एका चिन्हासाठी एसडीसीव्ही शिकण्यासारखं आहे. शब्दाच्या आधी उभी रेघ दिली की शोध शिर्षशब्दांत न होता अर्थांच्या मजकुरात होतो. समजा तुमच्याकडे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे. उभी रेघ देऊन भरती-ओहोटीसाठीचा इंग्रजी शब्द 'टाइड' शोधा. ज्या ज्या मराठी शब्दाच्या अर्थात तो आला असेल ते सगळे शब्द समोर येतात. मराठी-इंग्रजी कोश असा उलटा, इंग्रजी-मराठी म्हणून वापरता येतो, आणि कित्येकदा छापील इंग्रजी-मराठी कोशापेक्षा जास्त शब्द देतो. पूर्ण मजकूर चाळायचा असल्याने याला जरा वेळ लागतो, तेव्हा '-यू'ने कोश एकच ठेवा. शेलला, म्हणजे टर्मिनलमध्ये आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रामला, उभी रेघ म्हणजे एका आज्ञेचं उत्तर दुसरीकडे पाठवण्याची खूण वाटते, त्यामुळे शोधशब्द रेघेसकट एकेरी अवतरणात घालायचा. तारकेलाही हाच नियम.

रोजच्या वापरात सगळ्यात कंटाळवाणी गोष्ट म्हणजे कीबोर्डची अदलाबदल. आज्ञा रोमनमध्ये, शब्द देवनागरीत, पुन्हा आज्ञा रोमनमध्ये. बॅश या नेहमीच्या शेलमध्ये टोपणनाव, म्हणजे एलियस, देवनागरीतही ठेवता येतं. होम फोल्डरमधल्या '.बॅशआरसी' फायलीत (इथेही सुरुवातीला टिंब) 'शब्द' या नावाचा एलियस करा आणि त्याची किंमत 'एसडीसीव्ही -एन' द्या. टर्मिनल नव्याने उघडलंत की 'शब्द रापण' एवढं टंकून काम होतं, कीबोर्ड इन्स्क्रिप्टवरून हलवावा लागत नाही. इंग्रजी कोशांसाठी वेगळा, रोमन नावाचा एलियस करा.

इंग्रजीसाठी कुठले कोश घ्यावेत? माझ्या मते दोन पुरे आहेत. पहिला वर्डनेट, अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचा. १९८० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या पुढाकाराने सुरू झालेलं हे काम शब्दांना अर्थगटांत बांधतं. ३.० या आवृत्तीत १ लाख ५५ हजारांवर शब्द आणि १ लाख १७ हजारांवर अर्थगट आहेत. त्याची स्वतःची 'डब्ल्यूएन' ही आज्ञा आहे. तिला शब्द आणि '-ओव्हर' दिलं की सगळे अर्थ एका नजरेत येतात. 'मॅकरेल' टाकून बघा: एक अर्थ मासा, दुसरा त्या माशाचं खाण्याचं मांस. माहितीपत्रक पकडीबद्दल आहे की पोषणाबद्दल, यावरून कुठला अर्थ घ्यायचा ते ठरतं, आणि वर्डनेट हा भेद स्वच्छ दाखवतं. दुसरा कोश जीसाइड, मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पाचा. त्याचा पाया १९१३ सालचा वेबस्टर आहे, व्याख्या भरघोस आणि रसाळ आहेत. पण तो पाया शंभर वर्षांहून जुना आहे, हे मुलांना सांगायला हवं. नोंदीच्या शेवटी चौकटी कंसात ती कुठून आली याची खूण असते, '१९१३ वेबस्टर' दिसलं की आजचा अर्थ वर्डनेटमध्ये पडताळून घ्यायचा.

पुढेमागे वाचनालयात दोन-तीन मशीन झाली तर डिक्टडी बघा. हा कोशांचा सर्व्हर आहे, एका मशीनवर कोश ठेवायचे आणि बाकीच्यांनी 'डिक्ट' या आज्ञेने त्याला विचारायचं. त्याचा संवादनियम ऑक्टोबर १९९७ मध्ये आरएफसी २२२९ या इंटरनेटच्या दस्तऐवजात प्रसिद्ध झाला, पोर्ट २६२८. बाहेरच्या नेटची गरज नाही, वाचनालयातला राउटर चालू असला की झालं. डेबियनमध्ये तो आधी फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकतो, बाकीच्यांना दार उघडायचं तर सेटिंगमध्ये बदल करावा लागतो. 'डिक्ट' आज्ञेला घरचा सर्व्हर सापडला नाही तर ती इंटरनेटवरच्या सर्व्हरकडे जायला बघते आणि नेट नसताना नुसती ताटकळत राहते. '-एच' देऊन पुढे लोकलहोस्ट (म्हणजे हेच मशीन) किंवा तुमच्या सर्व्हर मशीनचा पत्ता द्या, म्हणजे तो प्रश्न मिटतो. देवनागरी कोश डिक्टडीसाठी तयार करताना डिक्टफएमटी या साधनाला यूटीएफ-८ आणि ऑलचार्स हे दोन्ही पर्याय द्यावेत. अनुक्रमणिका करताना ते एरवी फक्त अक्षरं, अंक आणि मोकळी जागा धरतं, आणि त्यात मात्रा-अनुस्वारांवर गदा येऊ शकते. एका मशीनसाठी मात्र हा खटाटोप नको. मराठी एसडीसीव्हीवरच ठेवा.

आता मराठी.

कोशांची संपत्ती आपल्याकडे मोठी आहे. जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला आणि १८५७ मध्ये त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. इंग्रजी-मराठी कोशाचं मोल्सवर्थ यांनी हाती घेतलेलं काम टॉमस कँडी यांनी पुरं केलं, तो १८४७ चा. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांच्या संपादनातला महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून सात विभागांत आला, त्याची पुरवणी १९५० ची. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या डिजिटल प्रकल्पात मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे दोन्ही शोधता येतात, पण ते नेटवर. स्टारडिक्ट स्वरूपातल्या भारतीय कोशांचा मोठा संग्रह गिटहब या प्रोग्राम-फायलींच्या संकेतस्थळावर इंडिक-डिक्ट या नावाने आहे, त्यात मराठीचा वेगळा विभाग आहे. शोधाची सुरुवात तिथून करा. हक्कांचं भान ठेवा: मोल्सवर्थ, कँडी यांचे कोश आता सर्वांचे आहेत, पण आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतात, त्यामुळे विसाव्या शतकातले बरेच कोश अजून हक्कांखाली असू शकतात. वाचनालयाच्या मशीनवरून ते पुढे वाटण्याआधी प्रत्येकाचा परवाना वाचा.

कोकणात काम करणाऱ्याला दाते-कर्वे यांच्या कोशातली एक गोष्ट फार उपयोगी आहे. प्रांतिक शब्दांना त्यात कंसात खुणा आहेत: कोकणासाठी 'को.', गोव्यासाठी 'गो.', राजापूरकडच्या शब्दांसाठी 'राजा.'. मजकूर साध्या टेक्स्टमध्ये हाताशी असेल तर 'ग्रेप' या मजकूर शोधणाऱ्या आज्ञेने उघडा कंस आणि 'को.' शोधायचं, आपल्या किनाऱ्याचे शब्द ओळीने समोर येतात. ग्रेपला '-एफ' द्या, इथे मात्र एफ मोठ्या लिपीतला, नाहीतर टिंबाचा अर्थ तो 'कुठलंही अक्षर' असा घेईल. फाईल डिक्टझिपने आवळलेली असेल तरी अडत नाही. 'डिक्टझेडकॅट' ती उलगडून दाखवतं, आणि ते स्वरूप जीझिपशी जुळणारं असल्याने जीझिपनेही उघडता येतं. कोशाच्या पोटात असा हात घालता येतो, म्हणून मी मोबाईल अ‍ॅपपेक्षा टर्मिनलचा आग्रह धरतो. अ‍ॅप तुम्हाला एक शब्द आणि एक अर्थ देतं. इथे संपूर्ण कोश तुमच्यासमोर उघडा असतो आणि त्याला हवा तो प्रश्न विचारता येतो.

पण तुम्ही मोल्सवर्थमध्ये 'गाव' शोधाल आणि तो सापडणार नाही. तिथे तो 'गांव' आहे. 'करणे' नाही, 'करणें' आहे. 'कवी' नाही, 'कवि' आहे. शासनमान्य लेखननियम १९६२ सालचे. अनुच्चारित अनुस्वार गेले आणि तत्सम शब्दांच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ झाले, ते तेव्हापासून. त्याआधीचा प्रत्येक कोश जुन्या लेखनात आहे. माणूस छापील पान चाळताना हा फरक डोळ्याने पार करतो, मशीन करत नाही. तुमच्या वाचनालयातल्या मुलाने 'गांव' कधी पाहिलेलंच नसेल, तर कोशात तो शब्दच नाही असं त्याला वाटेल.

याला उपाय आहे तो त्या चौथ्या, एसवायएन फायलीचा. कोशाची मूळ नोंद आहे तशीच ठेवायची आणि तिला नव्या लेखनाचं पर्यायी नाव जोडायचं. पायग्लॉसरी नावाचं पायथनमधलं एक साधन आहे. ते स्टारडिक्ट, बॅबिलॉन, एमडिक्ट, साध्या टॅबच्या फायली, सीएसव्ही असली कितीतरी स्वरूपं वाचतं, आणि त्यांतली बरीचशी लिहूनही देतं. आधी कोश टॅबच्या टेक्स्ट फायलीत काढा. एका ओळीत एक नोंद असते: आधी शिर्षशब्द, मग टॅब, मग अर्थ. शिर्षशब्दाला पर्याय द्यायचे तर मधे उभी रेघ. मग छोटी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाईल, लिहून पुढचे नियम लावा आणि फाईल परत स्टारडिक्टमध्ये न्या.

पहिला नियम क्रियापदांचा: शेवटी 'णें' असेल तर 'णे' हा पर्याय. या एका नियमाने हजारोंनी क्रियापदं सापडायला लागतात. दुसरा, शेवटच्या 'ें'चा: 'केळें', 'तळें' यांना 'केळे', 'तळे' आणि बोलीतलं 'केळं', 'तळं' असे दोन्ही पर्याय द्यायचे, कारण माणसं तिन्ही लिहितात. तिसरा, शेवटच्या र्‍हस्व इकार-उकाराला दीर्घ पर्याय: कवि-कवी, मति-मती, गुरु-गुरू. चौथा, आकारानंतरचा अनुस्वार काढलेला पर्याय: गांव-गाव, पांच-पाच. इथे थांबून बघावं लागतं. 'नांव'चा अनुस्वार काढला की 'नाव' होतो आणि 'नाव' हा होडी या अर्थाचा स्वतंत्र शब्द कोशात आधीच आहे. तुमच्या गावात तर दोन्ही रोज लागणारे. म्हणून स्क्रिप्टला सांगायचं की काढलेलं रूप आधीच शिर्षशब्द असेल तर आपणहून जोडू नकोस, वेगळ्या यादीत टाक. ती यादी डोळ्याखालून घालून हाताने ठरवायची. यात वेळ जातो, पण हे काम एकदाच करायचं आहे.

यापुढचा अडथळा डोळ्यांना दिसतच नाही. 'वाऱ्यावर' हा शब्द युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतांत, दोन प्रकारे लिहिता येतो. एकात नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) 'ऱ' आणि हलंत असतं, दुसऱ्यात साधा 'र', हलंत आणि मग शून्य रुंदीचा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखे, मशीनला वेगळे. तोच प्रकार 'ॲ'चा. १९६२ च्या नियमांशी याचा काही संबंध नाही. 'ॲ'साठी स्वतंत्र संकेत युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला, आणि त्याआधी 'अ' वर चंद्र देऊनच काम भागवलं जाई. आजही काही कीबोर्ड जुनं रूप देतात, काही नवं. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण, एनएफसी, नुक्त्याची अक्षरं एका रूपात आणतं: 'र' आणि सुटा नुक्ता असेल तर त्याचा एकसंध 'ऱ' करतं. पण जोडकवाला र्‍ आणि चंद्रवाला ॲ त्याच्या कक्षेत येत नाहीत. ते तुम्हालाच स्क्रिप्टमध्ये बदलावे लागतात. माझा नियम असा: कोशाच्या फायलीत सगळीकडे एकच रूप ठेवायचं, आणि शोधशब्दही एसडीसीव्हीकडे जाण्याआधी त्याच रूपात आणायचा. त्यासाठी 'शब्द' हा साधा एलियस न ठेवता चार ओळींची स्क्रिप्ट करा, ती आधी शब्द स्वच्छ करेल आणि मग एसडीसीव्हीला देईल. जालावरून मजकूर चिकटवताना अदृश्य चिन्हं बरोबर येतात, तीही तिथेच गळतील.

टर्मिनलमध्ये मराठी तुटक दिसलं तर घाबरू नका. बरेच टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक चौकट देतात, त्यामुळे जोडाक्षरं सुटी पडतात आणि र्‍हस्व वेलांटी भलत्याच जागी जाते. माहिती शाबूत असते, फक्त चित्र बिघडतं. एक्सटर्म टाळा. केडीईचं कॉन्सोल किंवा एमएलटर्म त्या मानाने बरं दाखवतात, फाँट नोटो सान्स देवनागरी ठेवा. तरीही त्रास झाला तर शोधाचं उत्तर फायलीत पाठवून साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. अक्षरांऐवजी प्रश्नचिन्हं येत असतील तर मात्र लोकेल, म्हणजे भाषा आणि अक्षरांची सेटिंग, चुकलं आहे, ते यूटीएफ-८ चं करा. मराठीच असायला हवं असं नाही, इंग्रजी यूटीएफ-८ लोकेलवरही देवनागरी नीट चालते.

आता तुमच्या गावचे शब्द. हा कोश तुमच्याशिवाय दुसरं कोणी करणार नाही, म्हणून त्याबद्दल जरा आग्रहाने लिहितो. रापण, पाग, तांडेल, भांगाचं पाणी, उधाणाचं पाणी हे शब्द मोठ्या कोशांत थोडेफार आहेत. पण माशांची नावं तालुक्यागणिक बदलतात आणि लहान-मोठ्या आकाराच्या त्याच माशाला वेगळं नाव असतं. माहितीपत्रकातल्या इंग्रजी नावाला गावातलं नेमकं नाव न दिल्यास ते पत्रक जाळ्याजवळ बसलेल्या माणसाच्या काहीच कामाचं नाही. इंग्रजी नावंही ढिली असतात, तेव्हा दुवा शास्त्रीय नावाचा ठेवा. बांगडा म्हणजे रास्ट्रेलिजर कनागुर्टा, तारली म्हणजे सार्डिनेला लाँगिसेप्स. शास्त्रीय नाव मधे असलं की वेंगुर्ल्याचं नाव आणि हर्णैचं नाव एकाच माशाचं आहे का, हे ठरवता येतं.

फाईल साधी टॅबची ठेवा, स्प्रेडशीटमध्ये भरली तरी चालेल. रकाने असे: शब्द, दुसरी रूपं, अर्थ, शास्त्रीय किंवा इंग्रजी नाव, कुठल्या गावात ऐकला, कोणत्या कामाच्या माणसाकडून, आणि एक खरं वापरातलं वाक्य. व्यक्तीचं नाव नको, 'रापणकर', 'मासे विकणारी' एवढं पुरे. वाक्य मात्र हवंच. नुसता अर्थ लिहिलेला शब्द पुढच्या माणसाला वापरता येत नाही. जून-जुलैत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी विणायला माणसं पडवीत बसलेली असतात. शब्द विचारायला याहून बरा काळ नाही. शब्द सांगणाऱ्याने सांगितला तसाच लिहा, प्रमाण मराठीत वळवू नका. प्रमाण रूप 'दुसरी रूपं' या रकान्यात जाईल आणि शोध दोन्हीकडून लागेल.

या फायलीतून 'ऑक' या रकाने हाताळणाऱ्या आज्ञेच्या एका ओळीने शब्द आणि दुसरी रूपं उभ्या रेघेने जोडायची, बाकीचे रकाने अर्थात एकत्र करायचे आणि पायग्लॉसरीला द्यायचं. ओळ बदलायची असेल तिथे उलटी तिरपी रेघ आणि एन लिहितात. शब्दांचा क्रम तुम्ही लावू नका. स्टारडिक्टची क्रमवारी मराठी वर्णक्रमाने नसते, तिचा स्वतःचा नियम आहे, तो साधनालाच पाळू द्या. हाताने लावलेल्या क्रमाने केलेल्या कोशात बरेच शब्द असून सापडत नाहीत. तयार कोशाला आयएफओ फायलीत छोटं नाव द्या, 'गाव' चालेल, म्हणजे '-यू गाव' एवढ्यावर शोध लागतो. नवे शब्द आले की कोश पुन्हा तयार करायचा. मूळ टॅबची फाईल हाच खरा कोश आहे, स्टारडिक्टच्या फायली कधीही पुन्हा करता येतात.

हेच फोल्डर गोल्डनडिक्टला दिलं तर खिडकीतला कोश मिळतो, टर्मिनलची धास्ती असणाऱ्या मुलांना तो द्या. ई-पुस्तकं वाचायचं केओरीडर आतून एसडीसीव्हीच वापरतं, त्यामुळे कुणाकडे ई-रीडर किंवा अँड्रॉइड टॅब असेल तर तुमचा गावचा कोश तिथेही चालतो.

प्रती ठेवण्याबद्दल. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण पाण्याखाली गेलं, आणि १८६४ पासूनचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरही त्यातून सुटलं नाही. त्याच्या आदल्या वर्षी ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, त्यानंतर दापोली-मंडणगड पट्ट्यातल्या गावांत वीज यायला आठवडे लागले. तुमचा लॅपटॉप खाडीकाठच्या इमारतीत तळमजल्यावर असेल तर कोशाची एक प्रत दुसऱ्या गावात असू द्या. सगळे कोश मिळून एका साध्या पेन ड्राइव्हवर मावतात. एसडीसीव्हीला डेटा-डिर या पर्यायाने थेट पेन ड्राइव्हची वाट देता येते, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही लिनक्स मशीनला लावून लगेच शोध सुरू करता येतो.

त्याच पेन ड्राइव्हवर कोशांबरोबर तुमची मूळ टॅबची फाईल, स्क्रिप्ट आणि एसडीसीव्हीचं इन्स्टॉल पॅकेज त्याला लागणाऱ्या लायब्ररींसह ठेवा. नेट चालू असताना अ‍ॅप्ट-गेटच्या 'डाउनलोड' आज्ञेने ही पॅकेजं न बसवता नुसती उतरवून घेता येतात. ती ज्या मशीनवर बसवायची असतील तिथल्या आवृत्तीचीच घ्या, आणि ३२ बिट की ६४ बिट हे आधी बघा. तुमच्या लॅपटॉपइतक्या जुन्या मशीनवर ३२ बिटची शक्यता खरी आहे.